जागल, मेंढवाडा आणि फिरते विद्युत कुंपण

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर भागात किनवट आणि माहूर हे दोन वनव्याप्त तालुके आहेत. मराठवाडा म्हटले की उघडी माळराने आणि काळी कसदार जमीन डोळ्यांसमोर येते. या दोन तालुक्यांचे चित्र मात्र वेगळे आहे. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर साग, धावडा, मोह व तेंदू यांचे जंगल पसरलेले असून त्यातील काही भाग पैनगंगा अभयारण्यात मोडतो. या जंगलाच्या कडेला गोंड, कोलाम, आंध व बंजारा समाजांच्या वस्त्या आहेत. ज्वारी, कापूस, तूर, सोयाबीन आणि हरभरा ही पिके जंगलाला अगदी लागून घेतली जातात. साहजिकच येथे माणूस आणि वन्यप्राणी एकमेकांचे शेजारी आहेत. या शेजाऱ्यांपैकी रात्रीच्या वेळी सर्वांत अधिक सावधगिरीने वागावे असा प्राणी म्हणजे अस्वल होय.

लातूर जिल्ह्याची परिस्थिती वेगळी आहे. तेथे वनक्षेत्र अत्यल्प असून अस्वलाचा प्रश्न नाही. तथापि रानडुकरे, हरणांचे कळप आणि मेंढरांवर टपून असणारे लांडगे यांचा उपद्रव तेथील शेतकऱ्याला व मेंढपाळाला परिचित आहे. दोन्ही जिल्ह्यांत समान असलेली गोष्ट ही की, पिकाच्या किंवा जनावरांच्या राखणीसाठी माणसाला उघड्यावर रात्र काढावी लागते. त्या माणसाची रात्र सुरक्षित कशी करता येईल, हा या लेखाचा विषय आहे.

जागलीची परंपरा

पीक दाण्यावर आले की शेतकरी माळा बांधतो आणि जागलीला जातो. गोफण, डबा वाजविणे, हाकाटी, शेकोटी, बुजगावणे ही त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची साधने. दुसरीकडे, धनगर मेंढपाळ पावसाळा संपला की कळप घेऊन गावोगाव फिरतो. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो, त्याच्या जमिनीला खत मिळते आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. रात्री मेंढरे इतस्ततः पसरू नयेत म्हणून मेंढपाळ त्यांच्याभोवती वाघर, म्हणजे जाळे, लावतो. खुंटे रोवून लावलेली आणि सकाळी गुंडाळून घोड्यावर लादता येणारी ही वाघर म्हणजे आपल्याकडील फिरत्या कुंपणाचा जुना नमुनाच म्हणावा लागेल. आता विचार करावयाचा आहे तो याच कल्पनेला विजेच्या सौम्य झटक्याची जोड देण्याचा.

अस्वल हल्ला का करते ?

कुंपणाकडे वळण्यापूर्वी प्राण्याचा स्वभाव समजून घेणे अगत्याचे आहे. आपल्याकडील अस्वल मुख्यतः वाळवी, मुंग्या, मध आणि फळे यांवर जगते. बोर, जांभूळ, उंबर, टेंभुर्णी यांची फळे आणि विशेषतः मोहाची फुले त्याला अतिशय प्रिय आहेत. माणसाला भक्ष्य करावे म्हणून ते येत नाही. त्याची घ्राणेंद्रिये तीक्ष्ण असतात, परंतु दृष्टी अधू असते. वारूळ उकरण्यात ते गढून गेले की जवळ आलेल्या माणसाची चाहूल त्याला लागत नाही. मग अकस्मात, चार-सहा पावलांच्या अंतरावर, दोघे समोरासमोर येतात. अशा वेळी पळण्याऐवजी ते अंगावर येते आणि नख्यांनी व दातांनी तोंडावर, डोक्यावर घातक जखमा करते. पिले पाठीवर घेऊन फिरणारी मादी अधिकच आक्रमक असते.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, अस्वल आणि माणूस यांच्यात अंतर राहिले तर बहुतेक प्रसंग टळतात. दुसरा असा की, हे अंतर राखण्यासाठी प्राण्याला मारण्याची मुळीच आवश्यकता नाही. झोपलेल्या माणसापासून काही हातांवर त्याला थांबविता आले म्हणजे कार्यभाग साधतो. विद्युत कुंपण हेच करते. ते भिंतीप्रमाणे प्राण्याला अडवीत नाही, तर त्याच्या मनात धास्ती निर्माण करते.

कुंपण कसे चालते ?

१९३० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये विद्युत कुंपणाचा वापर होऊ लागला आणि त्या देशातील पशुपालनात त्याला पुढे मोठे स्थान मिळाले. उत्तर अमेरिकेत अस्वलांच्या प्रदेशात मुक्काम करणारे प्रवासी, सर्वेक्षणाची पथके आणि मधुमक्षिकापालक आपल्या तंबूभोवती किंवा पेट्यांभोवती असे फिरते कुंपण लावतात. युरोपच्या डोंगराळ भागात मेंढपाळ लांडग्यांपासून रक्षण करण्यासाठी विजेची जाळी वापरतात. आपल्या देशात कर्नाटक व तामिळनाडूत हत्तींना शेतात येण्यापासून रोखण्यासाठी सौर कुंपणाचा अवलंब झालेला आहे.

या कुंपणाचे चार मुख्य भाग असतात. पहिला भाग म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी व ती भारित करणारी सौरपट्टी. दुसरा भाग स्पंदयंत्र, ज्याला बाजारात झटका मशीन असे म्हणतात. तिसरा भाग तार आणि तिला आधार देणारे, वीज न वाहणारे खांब. चौथा भाग जमिनीत ठोकलेली भू-खुंटी, म्हणजेच अर्थिंग. फिरत्या कुंपणात जाड लोखंडी तारेऐवजी प्लास्टिकच्या धाग्यांत बारीक पोलादी तंतू विणलेली दोरी वापरतात. ती हलकी असते, चकरीवर गुंडाळता येते आणि ठळक रंगामुळे दुरून दिसते.

स्पंदयंत्र बॅटरीतील अल्प दाबाची वीज साठवून ती साधारणतः ५,००० ते १०,००० व्होल्टच्या स्पंदनाच्या रूपाने तारेत सोडते. हा आकडा वाचून कोणी भयभीत होण्याचे कारण नाही. प्रत्येक स्पंदन सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ टिकते आणि त्यानंतर सुमारे एक सेकंद तार निष्क्रिय असते. प्राणी तारेला शिकला की वीज त्याच्या शरीरातून पायांवाटे जमिनीत जाते आणि जमिनीतून भू-खुंटीमार्फत यंत्राकडे परतते. वर्तुळ पूर्ण होते आणि झटका बसतो. तारेवर बसलेल्या पाखराला झटका बसत नाही, कारण त्याचे पाय जमिनीला टेकलेले नसतात आणि वर्तुळ अपुरे राहते. शाळेत विद्युतमंडलाचा पाठ शिकविताना शिक्षकांनी हे उदाहरण अवश्य द्यावे.

घरची वीज तारेत सोडणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण

या ठिकाणी सर्वांत महत्त्वाचा भेद स्पष्ट केला पाहिजे. शेताभोवती साधी तार ओढून तिच्यात कृषिपंपाच्या किंवा घराच्या जोडणीतील २३० व्होल्टचा प्रवाह सोडण्याची घातक प्रथा अनेक ठिकाणी आढळते. त्यामुळे रानडुकरांबरोबर अस्वले आणि बिबटे मेले आहेत. त्याहून दुःखाची गोष्ट म्हणजे पहाटे पाणी धरण्यासाठी गेलेले शेतकरी, शेजारच्या रानातील मजूर, एवढेच नव्हे तर स्वतः तार लावणारेही तिला बळी पडले आहेत.

२३० व्होल्ट हा आकडा ५,००० पेक्षा लहान असताना तो प्राणघातक का ठरतो, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर व्होल्टमध्ये नसून प्रवाह किती आणि किती वेळ वाहतो यात आहे. ओल्या अंगाने तारेला हात लागला आणि शरीराचा रोध १,००० ओहम धरला, तर २३० व्होल्टच्या दाबाने सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. वास्तविक १० मिलिअँपिअरच्या आसपासच स्नायू आखडू लागतात आणि हात तारेवरून सुटत नाही. त्याच्या काही पट प्रवाह हृदयाची लय बिघडविण्यास पुरेसा होतो. घरच्या विजेचा हा प्रवाह अखंड वाहत राहतो, सुटकेला क्षणाचीही फट देत नाही. याउलट प्रमाणित स्पंदयंत्राच्या एका स्पंदनातील ऊर्जा ५ ज्यूलपेक्षा अधिक असू नये, असे बंधन आहे आणि दोन स्पंदनांमधील अवकाशात माणूस किंवा प्राणी मागे सरू शकतो. म्हणूनच भारतीय मानक आय. एस. ३०२ भाग २ विभाग ७६ यास अनुसरून बनविलेलेच यंत्र खरेदी करावे. स्थानिक कारागिराकडून तयार करून घेतलेल्या, मर्यादा नसलेल्या यंत्रावर विश्वास ठेवू नये.

कायद्याच्या दृष्टीनेही हा भेद निर्णायक आहे. चोरून घेतलेली वीज तारेत सोडणे हा विद्युत अधिनियम, २००३ अन्वये गुन्हा आहे. अशा तारेने मनुष्य दगावल्यास भारतीय न्याय संहितेनुसार मृत्यूस कारणीभूत झाल्याबद्दल खटला होतो. अस्वल हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी असल्यामुळे त्याचा मृत्यू घडवून आणणाऱ्यास कारावास होऊ शकतो. एका हंगामाच्या पिकासाठी कुटुंबावर असे संकट ओढवून घेणे कधीही परवडणारे नाही.

माळ्याभोवती कुंपण : एक हिशेब

समजा, जागलीच्या माळ्याभोवती ९ मीटर लांब व ९ मीटर रुंद चौकोन आखला. त्याचा घेर ३६ मीटर होतो. तीन पदरी कुंपणासाठी १०८ मीटर दोरी लागेल. गाठी व ताण यांसाठी थोडी अधिक धरून १२० मीटर घ्यावी. दर ३ मीटरला एक याप्रमाणे १२ खांब पुरेसे होतात. खालची दोरी जमिनीपासून सुमारे २० ते २५ सेंटिमीटरवर, मधली ५० वर आणि वरची ८० सेंटिमीटरवर असावी. खालची दोरी रानडुकराच्या नाकाशी येते, तर वरच्या दोन अस्वलाच्या नाकाशी. माळा किंवा बाज कुंपणापासून किमान दोन मीटर आत असावी, म्हणजे झोपेत हात लागण्याचा किंवा बाहेरून पंजा पोचण्याचा संभव राहत नाही.

नाकाचा उल्लेख हेतुपुरस्सर केला आहे. अस्वलाच्या अंगावर लांब, दाट केस असतात आणि कोरडे केस वीज वाहू देत नाहीत. पाठ घासली गेली तर झटका जाणवणारही नाही. मात्र अनोळखी वस्तू दिसली की अस्वल प्रथम हुंगते आणि त्याचे नाक ओले असते. पहिला अनुभव नाकावर आला म्हणजे ते पुन्हा त्या दोरीच्या वाटेला जात नाही. मेंढरांच्या लोकरीलाही हाच नियम लागू आहे. म्हणून मेंढरांना या दोरीची ओळख दिवसा, मोकळ्या जागी आणि मेंढपाळ जवळ असताना करून द्यावी.

दोरीवर किमान ५,००० व्होल्ट दाब असल्याची खात्री मापकाने रोज सायंकाळी करावी आणि ती यंत्राजवळ नव्हे, तर सर्वांत दूरच्या कोपऱ्यावर करावी. बॅटरीचा हिशेबही सोपा आहे. यंत्राला सरासरी ०.१ अँपिअर प्रवाह लागत असेल, तर ७ अँपिअर-तासांची बॅटरी गणिताने ७० तास चालेल. परंतु बॅटरी निम्म्याहून अधिक उतरू देऊ नये. म्हणजे ३५ तास, अर्थात रोज १२ तासांच्या हिशेबाने जेमतेम तीन रात्री मिळतात. सौरपट्टी असल्यास दिवसा ही तूट भरून निघते. पावसाळी ढगाळ दिवसांत मात्र दुसरी भारित बॅटरी हाताशी असावी.

काळ्या जमिनीची अडचण

मराठवाड्यात हे कुंपण फसण्याचे मुख्य कारण जमिनीत आहे. ओली काळी माती वीज चांगली वाहते. फाल्गुन-चैत्रात मात्र तीच माती वाळून भेगाळते, भू-खुंटीभोवती पोकळी पडते आणि वर्तुळ पूर्ण होत नाही. दोरीत दाब असूनही प्राण्याला झटका बसत नाही. मोहाची फुले गळण्याचा आणि अस्वलांचा वावर वाढण्याचा काळही नेमका हाच असतो.

यावर तीन उपाय आहेत. कायम कुंपणासाठी सुमारे दोन मीटर लांबीच्या तीन जस्तलेपित खुंट्या परस्परांपासून तीन मीटर अंतरावर ठोकून एकत्र जोडाव्यात. फिरत्या कुंपणाला हे शक्य नसते. म्हणून मीटरभर लांबीची खुंटी नाल्याच्या काठी, विहिरीच्या थारोळ्याजवळ किंवा झाडाच्या सावलीतील ओलसर जागी ठोकावी आणि रोज सायंकाळी तिच्या बुंध्याशी घागरभर पाणी ओतावे. तिसरा उपाय अधिक खात्रीचा आहे. मधली दोरी स्पंदयंत्राच्या भू-टोकाला जोडावी आणि वरची व खालची दोरी विजेच्या टोकाला. प्राण्याने दोन दोऱ्यांमधून डोके घालताच दोहोंचा स्पर्श होतो आणि जमीन कोरडी असली तरी वर्तुळ पूर्ण होते.

पावसाळ्यात अडचण उलट असते. गवत वाढून खालच्या दोरीला टेकते आणि वीज गवतावाटे जमिनीत झिरपते. यासाठी दोरीखालील पट्टा खुरप्याने स्वच्छ ठेवावा लागतो. निगा नसलेले कुंपण हे कुंपण नसल्याहून वाईट, कारण त्याच्या भरवशावर माणूस निर्धास्त झोपतो. शिवाय निर्जीव दोरी एकदा ओलांडलेला प्राणी पुढे सजीव दोरीलाही जुमानीत नाही. दक्षिणेतील हत्ती सुळ्यांनी तार तोडण्यास व खांब आडवे करण्यास शिकले, हे या बाबतीत बोलके उदाहरण आहे.

पाळावयाचे नियम

काटेरी तारेत कधीही वीज सोडू नये. काट्यात अडकलेल्या माणसाला किंवा प्राण्याला मागे सरता येत नाही आणि झटके बसतच राहतात. एका कुंपणाला दोन यंत्रे जोडू नयेत, कारण त्यामुळे दोन स्पंदनांमधील विश्रांतीचा काळ नाहीसा होतो. कुंपणाची भू-खुंटी घराच्या किंवा पंपाच्या अर्थिंगपासून किमान १० मीटर दूर असावी. वाट, पाणवठा अथवा शाळेचा रस्ता कुंपणाने अडवू नये. चारही बाजूंस सूचनाफलक लावावा आणि त्यावर अक्षरांबरोबर चित्रही असावे. किनवट भागात मराठीखेरीज गोंडी, कोलामी, बंजारा व तेलुगू बोलणारे लोक आहेत आणि लहान मुले तर सर्वत्रच आहेत. विजा चमकू लागल्यास यंत्र दोरीपासून वेगळे करावे. वनजमिनीवर किंवा अभयारण्यात मुक्काम करणे अथवा कुंपण लावणे यासाठी वन विभागाची पूर्वपरवानगी आवश्यक आहे.

कुंपणाच्या मर्यादाही लक्षात ठेवाव्यात. ते झोपलेल्या माणसाचे रक्षण करते, चालत्या माणसाचे नव्हे. मोहफुले वेचण्यासाठी स्त्रिया पहाटे अंधारात बाहेर पडतात आणि अस्वलही त्याच वेळी मोहाखाली असते. त्यांच्यासाठी दोरी निरुपयोगी आहे. त्यांनी उजाडल्यावर, समूहाने आणि मोठ्याने बोलत जावे, दाट झुडपांतून व घळीतून जाण्याचे टाळावे. माळ्यावर गूळ, मध, मोहफुले किंवा उष्टे अन्न उघडे ठेवू नये. वासाने ओढलेल्या भुकेल्या अस्वलाला एका झटक्याने परतविता येईलच, याची शाश्वती नाही.

ग्रामपंचायतीने काय करावे ?

वनालगतच्या गावांचे वनांवरील अवलंबन कमी व्हावे आणि मानव-वन्यजीव संघर्ष घटावा, या हेतूने महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना सुरू केली. पुढे तीत सौर कुंपणाचा समावेश करण्यात आला, तेव्हा साहित्याच्या किमतीच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये यांपैकी कमी असेल तेवढे अनुदान व्यक्तिगत लाभार्थ्यासाठी ठरविण्यात आले. गावाची पात्रता, अनुदानाची प्रचलित मर्यादा व अर्जाचा नमुना यांविषयी वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करावी.

फिरत्या कुंपणाचा विशेष गुण हा की, ते एकाच्या मालकीचे असण्याची गरज नाही. माळ्याभोवतीचा संच वर्षातील काही आठवडेच लागतो. ग्रामपंचायतीने किंवा संयुक्त वन व्यवस्थापन समितीने दोन-तीन संच सामाईक ठेवले, त्यांची नोंदवही राखली आणि गावातील दोन तरुणांना मापक वापरण्याचे व दुरुस्तीचे शिक्षण दिले, तर हरभऱ्याच्या जागलीला गेलेला अल्पभूधारक, तूर राखणारी विधवा आणि शिवारात उतरलेला मेंढपाळ यांना आळीपाळीने संच देता येईल. लातूरसारख्या जिल्ह्यात, जेथे मेंढरांचे वाडे दर काही दिवसांनी जागा बदलतात, तेथे वाघरीच्या बाहेर काही पावलांवर दोन-तीन पदरी दोरी लावून लांडग्यांपासून बचाव करता येईल. ग्रामसभेच्या एका बैठकीत वनरक्षकाने व महावितरणच्या कर्मचाऱ्याने संयुक्त प्रात्यक्षिक दाखविल्यास प्रमाणित झटका यंत्र आणि प्राणघातक तार यांतील भेद लोकांच्या मनावर अधिक ठसेल.

अस्वल गावात शिरल्यास किंवा कोणी जखमी झाल्यास लोकांनी त्याचा पाठलाग करू नये. वन विभागाच्या १९२६ या दूरध्वनी क्रमांकावर त्वरित कळवावे. जखमीला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. नुकसानभरपाईसाठी पंचनामा होणे आवश्यक असते, म्हणून घटना लपवू नये.

जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाने रात्रीची झोप आणि हातचे पीक यांपैकी एकाचीच निवड करावी, ही स्थिती कोणत्याही प्रगत समाजाला शोभणारी नाही. त्याचबरोबर पैनगंगेच्या रानातून अस्वल नाहीसे व्हावे, हेही आपल्याला नको आहे. शंभर-सव्वाशे मीटर दोरी, बारा खांब, एक बॅटरी आणि रोजची थोडी निगा एवढ्या साधनांनी दोघांमध्ये सुरक्षित अंतर राखता येते. पुढील हंगामाच्या जागलीपूर्वी प्रत्येक वनालगतच्या ग्रामपंचायतीने हा विषय ग्रामसभेपुढे ठेवावा, आणि शिवारात कोठे घरच्या विजेची तार ओढलेली असल्यास ती त्याच दिवशी उतरवून घ्यावी.